बिनवापराचा बिडाचा पाइप कापून बंद करणे

बडोद्यातल्या जुन्या घरांची डागडुजी निघाली की मागच्या भिंतीवरून खाली उतरणाऱ्या काळ्या पाइपकडे सगळ्यांचे लक्ष जाते. संडास-बाथरूम नवे झाले, सांडपाणी प्लास्टिकच्या पाइपमधून जाऊ लागले, आणि हा बिडाचा पाइप तसाच राहिला. तो गंजतो, भिंतीवर ओघळ उठतात, झुरळे त्यातून वर येतात. कधी वासही येतो. मग कुणीतरी म्हणते, कापून टाका आणि तोंड बंद करा. सल्ला बरोबर आहे, पण त्याआधी तो पाइप खरोखरच बिनकामाचा आहे का, हे पाहिले पाहिजे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या सभासदांकडून या विषयावर वारंवार विचारणा होते, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत. काम प्लंबरकडूनच करून घ्यावे, पण कामाच्या वेळी काय पाहायचे आणि काय विचारायचे हे घरच्यांना माहीत असावे, एवढाच आमचा हेतू आहे.

हे पाइप आले कुठून

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शहराच्या पूर्वेला आजव्याचा तलाव झाला आणि १८९२ पासून त्याचे पाणी बडोद्याला मिळू लागले. त्यापूर्वी घरातले पाणी विहिरीवरून कळशीने भरलेले असे. मोरीतून जाणारे पाणीही तेवढेच, आणि ते परसात मुरून जाई. नळ आल्यावर पाण्याचा वापर वाढला, तसे सांडपाणी वाढले. पुढे फ्लशचे संडास आले. हे सगळे वरच्या मजल्यांवरून खाली आणायला टिकाऊ पाइप हवे होते, आणि त्या काळी त्यासाठी बिडासारखा दुसरा पदार्थ नव्हता. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सतराव्या शतकात घातलेले बिडाचे पाइप तीनशे वर्षांहून अधिक टिकले.

वाडे मुळात अशा पाइपसाठी बांधलेले नव्हते. त्यामुळे ते बाहेरच्या भिंतीवर, चौकाच्या कोपऱ्यात किंवा दोन घरांच्या मधल्या बोळात बसवले गेले. घराच्या वाटण्या झाल्या तसे नवे जोड आले, जुने सुटले. कोणता पाइप कुठून कुठे जातो हे घरातल्या एखाद्या आजोबांना ठाऊक असे, पण कागदावर ते क्वचितच उतरले. आजची बहुतेक अडचण इथूनच सुरू होते.

आधी पाइप ओळखा

बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपला बिडाचा तवा याच धातूचा. हा तवा फरशीवर पडला तर वाकत नाही, तडकतो. पाइपचेही तसेच आहे आणि कापताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.

बिडाच्या पाइपचे एक टोक घंटेसारखे रुंद असते. त्याला सॉकेट म्हणतात. वरच्या पाइपचे सरळ टोक त्यात बसवून मधल्या फटीत तागाचा पीळ आणि त्यावर वितळलेले शिसे किंवा सिमेंट भरलेले असते. कानशीने थोडे खरवडले की आत करडा धातू दिसतो. घरगुती कामात ५०, ७५, १०० आणि १५० मिलिमीटर ही मापे आढळतात. १०० मिलिमीटरचा, १.८ मीटर लांबीचा एक पाइप सुमारे वीस किलो भरतो. तीन मजल्यांची उभी रांग म्हणजे भिंतीवर टांगलेले शंभर किलोहून अधिक लोखंड.

पाइप राखाडी-पांढरा, वजनाला हलका आणि ठोकल्यावर बद्द वाजणारा असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. जुन्या घरांत पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी असे पाइप सर्रास वापरत. तो ग्राइंडरने कधीही कापू नये. त्याच्या धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन कॅन्सरसह गंभीर आजार होतात. असा पाइप न कापता, न फोडता, ओला करून सांध्यापाशी अलगद सोडवण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे. जमिनीखाली तपकिरी, चकचकीत पाइप लागला तर तो भाजलेल्या मातीचा, म्हणजे स्टोनवेअरचा असतो. त्याचीही रीत वेगळी आहे.

तो खरोखर बंद आहे का?

जुन्या पद्धतीत प्रत्येक कामाला वेगळा पाइप असे. संडासाचा पाइप, बहुधा १०० मिलिमीटरचा, थेट चेंबरमध्ये जातो. मोरी आणि न्हाणीघराचा पाइप त्याहून लहान, आणि तो खाली गल्ली ट्रॅपमध्ये सुटतो. तिसरा हवेचा पाइप. तो गच्चीच्या वर जातो आणि त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी असते. चौथा पावसाच्या पाण्याचा.

सर्वांत जास्त चुका तिसऱ्या पाइपच्या बाबतीत होतात. त्यातून पाणी वाहत नाही. तो बाराही महिने कोरडा, म्हणून बिनकामाचा वाटतो. आमच्या एका सभासदाच्या घरी नेमके हेच झाले. गच्चीवर मध्येच येणारा कोरडा पाइप कापून तोंड सिमेंटने बुजवले. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात वास येऊ लागला आणि वर फ्लश केला की खालच्या मोरीत गुडगुड आवाज येई. मोरी फोडून नवी केली तरी वास गेला नाही. शेवटी बुजवलेला पाइप पुन्हा उघडून गच्चीवर नेला तेव्हा घर शांत झाले.

असे का होते ते पाहू. भरलेला तांब्या एकदम उपडा केला तर पाणी अडखळत, गडगडत बाहेर येते, कारण पाण्याच्या जागी हवा शिरावी लागते. उभ्या पाइपमधून पाणी वेगाने खाली जाते तेव्हा त्याच्या मागेही हवा हवी असते. हवेचा पाइप ती पुरवतो. तो बंद केला की हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते. न्हाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहते, साधारण ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच, तेच घर आणि गटार यांच्यामधला दरवाजा असते. ते ओढले गेले की गटारातला वायू सरळ घरात येतो.

त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा वास कुजलेल्या अंड्यासारखा. प्रमाण फार वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून बंद चेंबरपाशी किंवा खाळकुव्यापाशी वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नये.

पाइप चालू आहे की बंद, हे पुढील प्रकारे तपासावे.

१. खालच्या चेंबरचे झाकण उघडून बाजूला उभे राहा, आत वाकू नका. घरातली प्रत्येक मोरी, बेसिन आणि संडास यांत एकेक करून नीळ घातलेले बादलीभर पाणी सोडा. निळे पाणी कोणत्या तोंडातून येते ते लिहून ठेवा.

२. एकाने वर पाणी सोडावे, दुसऱ्याने संशयित पाइपला कान लावावा. बिडाचा पाइप आवाज चांगला पोचवतो.

३. पावसाचा पाइप असल्याचा संशय असेल तर गच्चीच्या जाळीत दोन बादल्या ओता.

४. सामाईक भिंत असेल तर हेच शेजारच्या घरातही करा. जुन्या वाटण्यांत शेजाऱ्यांची मोरी आपल्या पाइपला जोडलेली असणे मुळीच विशेष नाही.

५. पाइपला तांब्याची तार किंवा पट्टी बांधलेली आहे का पाहा. पूर्वी काही ठिकाणी विजेची अर्थिंग लोखंडी पाइपला जोडत. तशी तार असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि वेगळी अर्थिंग झाल्यावरच पाइपला हात लावा.

एवढे करूनही शंका उरली तर पाइप तसाच राहू द्यावा. निष्कारण ठेवलेल्या पाइपपेक्षा चुकून बंद केलेला पाइप जास्त महाग पडतो.

परवानगी आणि शेजार

पाइप पूर्णपणे आपल्या हद्दीत आणि फक्त आपल्या घराचा असेल तर निर्णय आपला. बोळातला पाइप, सामाईक भिंतीवरचा पाइप किंवा सोसायटीची उभी रांग असेल तर शेजाऱ्यांची किंवा सोसायटीची लेखी संमती घ्यावी. रस्त्यावरच्या चेंबरला आणि मुख्य ड्रेनेज लाइनला हात लावण्याचा अधिकार महानगरपालिकेचाच. तिथला जोड कायमचा बंद करायचा असेल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा.

जुना पाइप खाळकुव्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर कुणालाही आत उतरवू नये. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि दोन मिनिटांच्या कामात जीव गेल्याच्या घटना आपण वाचतोच.

प्लंबरशी बोलताना शब्दांचा घोळ टाळावा. गुजरातीत खाळ म्हणजे आपली मोरी आणि खाळकूवो म्हणजे शोषखड्डा. ‘खाळनी लाइन’ म्हटल्यावर आपण चेंबरपर्यंतचा सगळा पाइप समजतो आणि तो फक्त मोरीचा. तोंडी सांगण्यापेक्षा जिथे कापायचे तिथे खडूने खूण करून दाखवावी.

कुठे कापायचा

बंद करायचा पाइप चालू लाइनला मिळतो, तिथून जितक्या जवळ कापता येईल तितके चांगले. लांब तुकडा मागे राहिला तर चालू लाइनमधला मळ त्यात शिरतो, साचतो आणि कुजतो. मात्र टोपी बसवायला १० ते १५ सेंटिमीटर सरळ आणि घट्ट भाग हवा. गंजून पापुद्रे सुटलेल्या जागी, तडा असलेल्या जागी किंवा शिशाच्या सांध्यावर कापू नये.

दुसरा नियम वजनाचा. उभी रांग काढायची असेल तर वरून सुरुवात करून एकेक पाइप उतरवावा. खालून कापल्यास वरचे सगळे वजन जुन्या, गंजलेल्या पट्ट्यांवर येते. त्या सुटल्या तर शंभर किलो लोखंड बोळात कोसळेल. फक्त खालचाच भाग कापायचा असेल तर कापण्याच्या जागेच्या वर आणि खाली भिंतीत नव्या, मजबूत पट्ट्या आधी मारून घ्याव्यात.

वरच्या दिशेने उघडे राहणारे ठुंठ कधीही ठेवू नये. त्यात पावसाचे पाणी साठते, आणि साठलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण.

कापण्याची तयारी

आदल्या दिवशी पाइपमध्ये भरपूर पाणी सोडून तो धुऊन घ्यावा. गच्चीवरचे तोंड आणि खालचे चेंबर काही वेळ उघडे ठेवावे, म्हणजे साठलेला वायू निघून जाईल. सेप्टिक टँकला जोडलेल्या पाइपवर ग्राइंडर चालवू नये. टँकमध्ये मिथेन असतो आणि ठिणगी पुरते. तिथे हातकरवतच वापरावी. कामाच्या वेळी घरात कुणीही फ्लश करू नये, नळ सोडू नये. घरात सगळ्यांना सांगावे, विशेषतः वरच्या मजल्यावरच्यांना. हे सांगायचेच राहून जाते.

डोळ्यांना चष्मा, हातात जाड हातमोजे, नाकावर चांगला मास्क. जुन्या सांध्यांत शिसे असते. ते तापवू नये, त्यावर ग्राइंडर मारू नये. काम झाल्यावर हात-तोंड साबणाने धुवावे आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

कापणे

कागदाची सरळ पट्टी पाइपभोवती गुंडाळून कडा जुळवाव्यात आणि कडेने खडूची रेघ ओढावी. रेघ सरळ तर काप सरळ, आणि काप सरळ तर टोपी नीट बसते.

ग्राइंडरला धातू कापण्याची चकती आणि तिचे संरक्षक कवच असलेच पाहिजे. चार इंची चकती साधारण इंचभरच आत जाते, पण पाइपची जाडी चार-पाच मिलिमीटर असल्याने तेवढे पुरते. पहिल्या फेरीत चहूबाजूंनी उथळ खाच पाडावी, मग त्याच खाचेतून हळूहळू पार जावे. भिंतीकडची बाजू शेवटी घ्यावी. तिथे चकती पोचत नसेल तर करवतीचे मोकळे पान हातात धरून कापावे. मशीन दाबून, घाई करून चालवू नये. वरचे वजन खाली बसले की काप मिटतो, चकती त्यात अडकते आणि मशीन अंगावर उसळते. वरच्या पट्ट्या आधी मारायच्या त्या यासाठीच.

साखळीचा कटर मिळाला तर धूळ आणि ठिणग्या दोन्ही टळतात. साखळी पाइपभोवती आवळत गेली की पाइप रेघेवर तुटतो. पण आतून फार गंजलेला पाइप त्या दाबाने उभा चिरण्याची शक्यता असते. घणाने फोडणे मात्र पूर्ण वर्ज्य. बिडाला गेलेला तडा आपल्या रेघेवर थांबत नाही. तो खाली चालू लाइनपर्यंत उतरतो आणि एका टोपीचे काम आख्खी लाइन बदलण्यावर येते.

काप पूर्ण होताच खालच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा घालावा, पण त्याला दोरी बांधून दोरीचे टोक बाहेर ठेवावे. आत पडलेला बोळा ही नवी तुंबी असते.

तोंड बंद करणे

कापलेली कड कानशीने साफ करावी, गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढावेत. मग पाइपचा बाहेरचा घेर दोऱ्याने मोजून ३.१४ ने भागावा. येईल तो बाहेरचा व्यास. १०० मिलिमीटर म्हणून ओळखला जाणारा बिडाचा पाइप बाहेरून साधारण ११० मिलिमीटर भरतो. दुकानात फक्त ‘चार इंची’ म्हणून मागितले तर चुकीची टोपी हाती येऊ शकते.

चांगला उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांची जाड रबरी टोपी. ती सरळ पाइपवर चढवून पट्टीचा स्क्रू आवळायचा. ती न मिळाल्यास रबरी कपलिंग घेऊन त्यात पीव्हीसीचा छोटा तुकडा आणि त्यावर चिकटवलेली पीव्हीसीची एंड कॅप, असे जोडावे. सॉकेट शाबूत असेल तर त्यात पीव्हीसीचा तुकडा बसवून, फटीत ताग ठासून वर इपॉक्सी भरता येते, पण ते उकलणे पुढे कठीण जाते. स्क्रूने फुगणारा रबरी प्लग तात्पुरत्या कामाला उत्तम.

नुसते सिमेंट, विटेचा तुकडा, फडके किंवा प्लास्टिकची पिशवी यांनी तोंड बंद करू नये. सिमेंट सुकताना आकसते आणि बीड गंजताना फुगते. दोन-तीन पावसाळ्यांत कडेने फट पडते. घुशींना विटेचा तुकडा हलवायला वेळ लागत नाही.

तळमजल्याच्या घरांनी पट्टीच्या टोपीचाच आग्रह धरावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कितीतरी घरांत पाणी दारातून येण्याआधी मोरीतून आणि संडासातून वर आले. चेंबर भरले की सगळ्या पाइपमध्ये पाणी उलटे चढते. टोपीच्या वर एक मीटर पाणी चढू पाहत असेल तर १०० मिलिमीटरच्या तोंडावर सुमारे आठ किलोचा रेटा बसतो, तीन मीटरला चोवीस किलोचा. नुसती चढवलेली टोपी त्यापुढे उडून जाते. आवळलेली पट्टी टिकते.

तपासणी

टोपी बसल्यावर घरातले सगळे नळ आणि फ्लश दहा मिनिटे चालवावेत. टोपीखाली कोरडा कागद धरावा. थेंब पडला तर पट्टी पुन्हा आवळावी. मग उदबत्ती पेटवून तिचा धूर सांध्याभोवती हळू फिरवावा. पंखे बंद ठेवावेत. धूर सरळ वर गेला तर ठीक. एके ठिकाणी ओढला किंवा ढकलला गेला तर तिथे फट आहे. शेवटी प्रत्येक मोरीत पाणी उभे आहे ना ते पाहावे आणि फ्लशनंतर गुडगुड होते का ते ऐकावे. गुडगुड म्हणजे हवेची वाट बंद झाल्याची खूण. तशी आली तर टोपी काढून पहिल्या तपासणीकडे परतावे.

ज्यांची घरे महिनोन्‌महिने बंद असतात त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. वैशाखाच्या उन्हात ट्रॅपमधले पाणी काही आठवड्यांत सुकते आणि पाइप नीट बंद केलेला असूनही घरात वास येतो. निघताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाण्याचे तेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

कापलेल्या लोखंडाचे

बिडाला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून ते मजुरीतच गेले असे गृहीत धरू नये. आधी बोलून घ्यावे. शिशाचे तुकडे वेगळे, झाकणाच्या डब्यात द्यावेत. पाइपवर किंवा त्याच्या झाकणावर ओतशाळेचे नाव, खूण किंवा साल असेल तर भंगारात घालण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा. आपल्या घराचे वय सांगणारा तो एक पुरावा असतो.

नोंद ठेवा

टोपी प्लास्टरखाली गाडू नये. गाडावीच लागली तर भिंतीवर खूण ठेवावी. एका कागदावर घराचा साधा आराखडा काढून कोणता पाइप कुठून कुठे जातो, कोणता कधी आणि कुठे बंद केला, कोणता कोरडा दिसला तरी हवेचा आहे, हे लिहावे. सोबत नीळ घालून केलेल्या तपासणीची यादी आणि दोन-चार फोटो. हा कागद घराच्या मिळकतीच्या फाइलमध्ये ठेवावा, आणि शेजाऱ्यांशी संबंध असेल तर एक प्रत त्यांनाही द्यावी. घरात अजून कुणी वडीलधारे असतील तर आराखडा त्यांच्या शेजारी बसून काढावा. कोणती मोरी पूर्वी कुठे होती आणि वाटणीच्या वेळी कोणता पाइप कुणाकडे गेला, हे आज फक्त त्यांनाच सांगता येईल.